ग्रंथ घरी आला, वचन मुखी यावे

१८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘देई व्हेर्बुम’ हा दैवी प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. पवित्र शास्त्राची वाट सर्व श्रद्धावंतांना खुली असली पाहिजे, असे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले होते. त्याला आता साठ वर्षे झाली. या साठ वर्षांत वसईच्या पट्ट्यात, नायगावपासून आगाशीपर्यंत, बायबल मराठीत आले, सोप्या मराठीत आले, घराघरांत पोहोचले आणि शेवटी मोबाइलमध्येही आले. तरी एक प्रश्न उरतोच. घरात ग्रंथ असणे आणि घरातल्या मुलांच्या मुखी वचन असणे, या दोहोंतले अंतर कमी झाले की वाढले? मागे वळून पाहिल्यावर मला असे दिसते की आपण ग्रंथ मिळवला, पण तो मिळवण्याच्या आनंदात पूर्वजांकडून आलेली तोंडपाठाची शिस्त हलक्या हाताने सोडून दिली. शास्त्रवाचन ही कुटुंबाची रोजची सवय व्हायची असेल, तर नवी योजना शोधत बसण्याचे कारण नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेची जी जुनी सवय आपल्याकडे आहे, तिच्यातच वचनाला जागा करून द्यावी लागेल.

ही शिस्त काय करू शकते, हे समजण्यासाठी आणखी मागे जायला हवे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढची दोनशे वर्षे इथे चर्चेस, मठ आणि धर्मशिक्षण यांची घडी बसत गेली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. तहानुसार पोर्तुगीज निघून गेले आणि त्यांच्याबरोबर युरोपीय संन्यासीही गेले. मागे राहिली ती स्थानिक कुटुंबे आणि मोजके देशी धर्मगुरू. त्या वेळी मराठीत छापलेले बायबल अस्तित्वातच नव्हते. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मत्तयचे शुभवर्तमान मराठीत निघाले ते १८०५ साली, आणि नवा करार १८११ मध्ये. तेही काम प्रोटेस्टंट मिशनचे. वसईच्या कॅथलिक घरांपर्यंत त्याची पोहोच नव्हती. म्हणजे किल्ला पडल्यानंतर कित्येक पिढ्या इथल्या ख्रिस्ती घरांत ग्रंथ नव्हता, शेजारी मठ नव्हता, पुष्कळदा धर्मगुरूही नव्हता. तरी हा समाज टिकला. त्याची कारणे अनेक असतील. गाव, नातीगोती, सण, जमीन यांचाही त्यात वाटा आहे. पण श्रद्धेचा आशय पुढच्या पिढीच्या हाती पडला तो घरात म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनांतून, याखेरीज दुसरा मार्ग दिसत नाही. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते अशा आज्यांनी ते काम केले.

या प्रार्थनांना शास्त्रापासून वेगळे काढण्याची चूक आपण सहज करतो. प्रभूची प्रार्थना मत्तयच्या सहाव्या अध्यायातली आहे. ‘नमो मारिया’चा पूर्वार्ध लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे; त्यात देवदूताचा नमस्कार आहे आणि अलिशिबेचे उद्गार आहेत. पाच रहस्यांची जपमाळ पूर्ण करणारे मूल लूकमधली ती वचने पन्नासहून अधिक वेळा उच्चारते. रहस्ये म्हणजे तरी काय? देवदूताचा निरोप, बेथलेहेम, गेथशेमाने, कालवरी, रिकामी कबर हे शुभवर्तमानातलेच प्रसंग आहेत. १६ ऑक्टोबर २००२ च्या पत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्ये जोडली आणि प्रत्येक रहस्य सांगितल्यावर त्यासंबंधीचा शास्त्रपाठ वाचावा, असेही सुचवले. नवी रहस्ये आपण तत्परतेने स्वीकारली, गुरुवारची माळ त्यांनुसार होऊ लागली. दुसरी सूचना मात्र बहुतेक घरांच्या कानांवरून गेली. खरे तर सगळ्यात मोलाची तीच होती, कारण जपमाळ आणि बायबल यांना जोडणारा पूल तिच्यात तयार मिळत होता.

मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहासही हेच सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातल्या साष्टीत बसून ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ मध्ये ते छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथासाठी त्यांनी ओवीच निवडली, कारण ती कानाने ऐकायची आणि मुखाने म्हणायची असते. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजने लिहिली तीही याच जाणिवेने. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या भाषांतराला दिली. त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशी मराठी हा त्यांचा आग्रह होता. वसईत हाच आग्रह फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी धरला. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन १९८३ पासून २००७ पर्यंत केल्यानंतर २०१० साली राजहंस प्रकाशनाने त्यांचे ‘सुबोध बायबल’ वाचकांच्या हाती दिले. एका मोठ्या मराठी प्रकाशनसंस्थेने ते काढले आणि ख्रिस्ती नसलेल्या घरांतही ते वाचले गेले, ही आपल्या भाषेच्या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट आहे. या साऱ्यांनी वचन कानाला गोड आणि मनाला सुगम केले. ते मुलांपर्यंत रोज पोहोचवायचे काम घरावर सोपवले होते. ते कोणताही अनुवादक करू शकत नाही.

परिषदेनंतर चर्चमध्ये झालेला बदल मोठा होता, यात शंका नाही. लॅटिन मिस्साच्या जागी मराठी मिस्सा आली. १९६९ च्या आगमनकाळापासून रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र सुरू झाले आणि जुन्या करारालाही रविवारी हक्काची जागा मिळाली. २२ मे १९९८ रोजी वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बिशप थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. धर्मशिक्षणाचे वर्ग, लहान ख्रिस्ती समूह, बायबलवरच्या स्पर्धा यांना मराठीचा भक्कम आधार मिळाला. पण या सगळ्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की शास्त्र शिकवणे हे चर्चचे आणि वर्गाचे काम आहे, अशी पालकांची समजूत घट्ट झाली. मूल रविवारी वर्गाला गेले की कर्तव्य संपले. याउलट अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आज्ञा आहे ती आईबापांना: घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना मुलांशी या वचनांविषयी बोला. त्या आज्ञेत ना वर्ग आहे ना परीक्षा. आहे तो दिवसाचा क्रम. तीमथ्याच्या श्रद्धेचा उगम पौल दाखवतो तोही त्याची आजी लोईस आणि आई युनिके यांच्यापाशी.

पाठांतराविरुद्धचा पहिला आक्षेप गंभीर आहे. अर्थ न कळता घोकंपट्टी केली तर मूल पोपट होते, असे आजचे सुशिक्षित पालक म्हणतात. आणि स्पर्धेपुरते पाठ केलेले वचन महिन्याभरात विसरले जाते, हा अनुभव त्यांच्या बाजूने आहे. पण दोष पाठांतराचा आहे की त्याच्या रीतीचा? हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हाच हे दिसले होते की एका बैठकीत रेटून केलेल्या उजळणीपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवले. या दोन्ही गोष्टी मराठी घराला नव्या नाहीत. दिवेलागणीला पाढे, पावकी-निमकी आणि स्तोत्रे यांचा परवचा म्हणणाऱ्या घरांनी हेच केले: रोज थोडे, मोठ्याने, पुस्तक मिटून. वारकरी घरातला हरिपाठ याच मार्गाने पिढ्या ओलांडत आला. अर्थाचे म्हणाल, तर तो पाठांतराचा शत्रू नाही. आठ वर्षांच्या मुलाला तेविसावे स्तोत्र जितके कळते, त्याहून कितीतरी अधिक ते त्याला चाळिशीत कळेल. मात्र तोवर ते त्याच्यापाशी असायला हवे. पाठांतर म्हणजे बियाणे साठवून ठेवणे; पेरणीचा दिवस आयुष्य ठरवते. पालकांनी अर्थ सांगावाच, तोही घरच्या बोलीत, पण तो पूर्ण कळेपर्यंत पाठांतर थांबवू नये.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. सुटी वचने पाठ केली की माणूस त्यांचा हत्यारासारखा वापर करू लागतो. संदर्भ तुटतो आणि श्रद्धा संकुचित होते. हा धोका खरा आहे. म्हणूनच मुलांना सुटी वचने न देता पूर्ण उतारे द्यावेत. बायबलमधले वचनांचे आजचे क्रमांक मूळ लेखकांचे नाहीत. नव्या करारात ते रोबेर एत्येन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. स्तोत्रकर्त्याने मात्र अखंड रचना स्मरणासाठीच बांधली होती: ११९ व्या स्तोत्राचे २२ भाग हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने येतात आणि प्रत्येक भागातल्या आठही ओळी त्याच एका अक्षराने सुरू होतात. तेविसावे स्तोत्र, डोंगरावरील प्रवचनातली धन्यवचने, मारियेचे स्तोत्र, पहिल्या करिंथकरातला प्रीतीचा अध्याय, लूकमधला चांगल्या शोमरोन्याचा दाखला, असे उतारे मुलांना समग्र आले, तर वचनाचा गैरवापर करणे त्यांना अवघड जाईल. नायगावात ख्रिस्ती घराला लागून आगरी-कोळी घर आहे, आणि पूर्वेकडच्या नव्या इमारतींत देशाच्या नाना प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. माझा शेजारी कोण, या प्रश्नाचे येशूने दिलेले उत्तर ज्या मुलाच्या तोंडी आहे, त्याला या गावात संकुचित होऊन राहता येणार नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा. नायगावहून चर्चगेट सुमारे ४८ किलोमीटर. आई आणि बाबा दोघेही लोकलने जाऊन-येऊन थकतात, मुलांचे क्लास असतात, आणि मासेमारीच्या घरांत दिवस भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने चालतो. अशा घरांना तासाभराचा अभ्यासक्रम सांगणे अन्यायाचे आहे. पण प्रश्न तासाचा नाहीच. ज्या घरात जपमाळ अजून होते, तिथे रहस्याआधी चार-पाच वचने वाचायला पाच मिनिटे पुरतात. जिथे माळ सुटली आहे, तिथे जेवणापूर्वीची पाच मिनिटे चालतील. आई-बाबा पोहोचले नाहीत, तर आजी-आजोबांनी सुरुवात करावी. महिन्याला एकच उतारा घेतला आणि मागच्या महिन्याचा उतारा आठवड्यातून एकदा म्हटला, तर पहिल्या ख्रिस्तप्रसादानंतरच्या सात वर्षांत मुलाकडे ८४ उतारे जमा होतात. हा हिशेब छोटा दिसतो, पण बहुतेक प्रौढ श्रद्धावंतांच्या शिदोरीपेक्षा तो मोठा आहे.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी बायबल वाचता येत नाही, ही तक्रारही वारंवार ऐकू येते. ती खरी असली, तरी तिच्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. मुलाला मराठी लिपी जड जात असेल, तर घरात मोठ्याने होणारे वाचन अधिकच गरजेचे ठरते, कारण आजीशी प्रार्थना करण्याची भाषा त्याच वाटेने त्याच्यापाशी राहील. मुलाने इंग्रजीतून वाचावे, काही हरकत नाही. पाठ मात्र मराठीत करावे. २००८ मध्ये आलेल्या ‘यूव्हर्जन’सारख्या अ‍ॅपमुळे दोन्ही भाषांतला मजकूर हाताशी असतो. साधन म्हणून मोबाइल उपयोगी आहे. पण मुलासमोर बसून वचन म्हणणाऱ्या आईचे काम तो करू शकत नाही.

याचा पुरावा अगदी अलीकडचा आहे. मार्च २०२० मध्ये प्रार्थनास्थळे बंद झाली. त्या वर्षी १६ नोव्हेंबरला ती उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा खुली झाली. त्या काळात मिस्सा पडद्यावर आली, आणि अनेकांना तिने धीर दिला. पण पडद्यासमोर कुटुंब प्रेक्षक असते. १७३९ नंतरच्या घरांना पडदा नव्हता. त्यांना स्वतःच म्हणावे लागले, म्हणून ते त्यांना येत राहिले. चर्चचे दार बंद झाल्यावर घरात काय उरते, ही कसोटी आपल्या इतिहासात दोनदा लागली आहे, आणि दुसऱ्या वेळी आपल्यापाशी पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक ग्रंथ होते.

म्हणून साठ वर्षांच्या या मागोव्यातून मला निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. परिषदेने ग्रंथाची वाट मोकळी केली, अनुवादकांनी ती सोपी केली, धर्मप्रांताने तिच्यावर मराठीचे पाऊल उमटवले. उरलेले काम घराचे आहे. धर्मग्रामांनी पालकांसाठी वर्षाच्या बारा उताऱ्यांची एक साधी यादी तयार करावी, धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांकडून तेच उतारे म्हणून घ्यावेत आणि बक्षिसे मुलांपेक्षा कुटुंबांना द्यावीत. पालकांनी मुलांना पाठ करायला सांगण्याआधी स्वतः पाठ करावे. जे बाबांना येत नाही ते महत्त्वाचे नसते, हे मुलांना कोणी न सांगता कळते. निरक्षर आज्यांनी ग्रंथाविना जे सांभाळले, ते साक्षर आईबापांना ग्रंथ हातात असताना सांभाळता येणार नाही, असे मानायला मी तयार नाही.