लोखंडाच्या राशीवर उपाशी पीक

तापीच्या खोऱ्यांत रावेर-यावलकडील केळीच्या बागांतून कधीं कधीं एक विलक्षण दृश्य दिसतें. जमीन काळीभोर, पाण्याची वाण नाहीं. तरी केळीचीं कोंवळीं पानें पिवळीं पडलेलीं असतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. धुळें जिल्ह्यांत चुनखडीच्या रानांतील भुईमुगाचीहि पुष्कळदां हीच दशा होते. हीं झाडें लोहाच्या अभावीं उपाशी असतात.

वास्तविक खानदेशांत लोखंडाचा दुष्काळ नाहीं. ज्या काळ्या फत्तराची झीज होऊन ही जमीन बनली, त्या बेसाल्टांत सुमारें दहावा हिस्सा लोहाच्या ऑक्साइडांचा असतो. मग अडतें कोठें? हें लोह जमिनींत बहुतांशीं गंजाच्या रूपानें असतें, आणि गंज पाण्यांत जवळ जवळ विरघळत नाहीं. त्यांत चुनखडीमुळें जमीन अल्कधर्मी. अल्कता मोजण्याच्या पीएच या मापाची एक पायरी चढली, कीं या लोहाची विद्राव्यता सुमारें हजार पटींनीं घटते. म्हणूनच अशा जमिनींत नुसता हिराकस टाकला, तर त्याचाहि लवकरच गंज होऊन बसतो.

हें कुलूप उघडणारे कारागीर जमिनींतच आहेत. ते म्हणजे सूक्ष्म जंतु. त्यांनाहि जगण्यासाठीं लोह हवें असतें. कांहीं जंतु सेंद्रिय अम्लें सोडून खडकाचे कण झिजवितात. स्यूडोमोनाससारखे दुसरे कांहीं ‘सिडेरोफोर’, म्हणजे लोहवाहक, नांवाचें द्रव्य बाहेर सोडतात. खेकडा नांगीत भक्ष्य धरतो, तसें हें द्रव्य लोहाचा अणु पकडतें, गंजापासून सोडवितें आणि विरघळलेल्या स्थितींत जंतूंकडे आणतें. मुळांजवळ हा व्यवहार चालला, म्हणजे त्यांतील वांटा पिकालाहि मिळूं शकतो. शिवाय लोह आधींच उचललें गेल्यानें मुळें कुजविणाऱ्या बुरशीची उपासमार होते.

जळगांव येथें १९९० सालीं स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठांत या लोहवाहकांवर संशोधन झालें आहे. तेथील प्रा. चिंचोलकर हे २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोबियल सिडेरोफोर्स’ या ग्रंथाचे एक संपादक होत. विद्यापीठास आतां कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव आहे.

मात्र या कारागिरांनाहि पोट आहे. शेणखत, पालापाचोळा, कुजलेले केळीचे खुंट हेंच त्यांचें अन्न. हिराकस शेणखतांत मुरवून द्यावा, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात, त्याचें मर्म येथें आहे: खतांतील सेंद्रिय अम्लें लोह धरून ठेवितात आणि जंतूंनाहि खाद्य मिळतें. बागेंतील पाचोळा जाळून टाकणारा शेतकरी मात्र नकळत त्यांच्याच तोंडचा घांस काढून घेतो.