यष्टींमागची चाकरी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बडोद्याच्या क्रिकेटविषयी बोलणे निघाले की १९४७ साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी रचलेल्या ५७७ धावांच्या भागीदारीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु त्याच कालखंडात वर्षानुवर्षे बडोद्याचे यष्टिरक्षण करणाऱ्या रावसाहेब निंबाळकरांचे नाव त्या संभाषणात क्वचितच उच्चारले जाते. उच्चारले गेलेच तर १९४८ साली पुण्यात नाबाद ४४३ धावा काढणाऱ्या भाऊसाहेबांचे बंधू एवढ्याच ओळखीने. रावसाहेब १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर भारतीय संघाबरोबर गेले खरे, पण तिन्ही कसोटी सामन्यांत यष्टिरक्षण दत्ताराम हिंडलेकरांनी केले आणि रावसाहेबांच्या नावापुढील कसोटीचा रकाना कायमचा कोरा राहिला.

अशी नजरेआडची चाकरी अन्य खेळांतही असते. अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात (आणि जो पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळला जातो) त्यात आपल्या सूत्रधारावर चालून येणाऱ्या प्रतिपक्षाला अंगाने थोपवून धरणारे पाच धिप्पाड गडी असतात. त्यांपैकी मधला सोडला तर बाकी चौघांच्या हाती चेंडू सहसा येतच नाही. नियमभंग घडला म्हणजे मात्र पंच त्यांचा क्रमांक भर मैदानात पुकारतात. क्रिकेटमध्ये या जातीची, चुकले तरच नजरेत येणारी चाकरी करणारा एकच इसम असतो, तो म्हणजे यष्टिरक्षक. आणि ज्या नगरीत १९२६ साली नाना जोशी जन्मले, ज्या नगरीने पुढे किरण मोरे आणि नयन मोंगिया हे दोघे लागोपाठ भारताला दिले, त्या बडोद्यात तरी या हुद्द्याविषयीचे लोकप्रवाद तपासून पाहायला हरकत नसावी.

हातमोजे आहेत, पायांना संरक्षण आहे, शिवाय धावाधाव नाही, तेव्हा हे काम क्षेत्ररक्षणात सर्वांत सोपे, असे प्रेक्षकाला वाटते. हातमोजे घालण्याची मुभा अकरा जणांत एकट्या यष्टिरक्षकाला आहे, हे खरे. परंतु कसोटी सामन्यात दिवसाला ९० षटके म्हणजे ५४० चेंडू, आणि प्रत्येक चेंडूला एक बैठक, असा हिशेब मांडला म्हणजे सोपेपणाची कल्पना तेथेच निकालात निघते. फिरकी गोलंदाजीच्या वेळी तर फलंदाजाचे शरीर आणि फिरणारी बॅट ऐन क्षणी दृष्टीआड येत असतात, आणि तरीही चेंडू बॅटला वा फलंदाजाला लागेपर्यंत, अथवा यष्टी ओलांडून मागे येईपर्यंत, यष्टींपुढे हात न्यावयाची नियमाने बंदी असते.

सुटलेला झेल हा यष्टिरक्षकाच्या कारकिर्दीचा निकाल होय, ही समजूत सर्वांत दृढ आणि माझ्या मते सर्वांत अन्यायकारक आहे. १९९० च्या जुलैत लॉर्ड्सवर इंग्लंडचे ग्रॅहम गूच ३६ धावांवर असता संजीव शर्मांच्या गोलंदाजीवर त्यांचा झेल मोरे यांच्या हातून सुटला. गूच यांनी त्या डावात ३३३ धावा केल्या, आणि तेव्हापासून ३६ आणि ३३३ हे दोन आकडे मोरे यांच्या नावाशी जणू सनदेने जोडले गेले. झेल सुटला, याविषयी वाद नाही. परंतु नाणेफेक जिंकून प्रथम क्षेत्ररक्षण करण्याचा निर्णय मोरे यांचा नव्हता, ४ बाद ६५३ धावा होईतो प्रतिपक्षाला रोखू न शकणारी गोलंदाजी त्यांची नव्हती, आणि ३६ नंतरच्या २९७ धावा गूच यांनी केवळ त्या एका जीवदानाच्या बळावर काढल्या असे म्हणणे हा गूच यांच्याही कौशल्याचा अवमान आहे. ज्या लॉर्ड्सवर हा प्रसंग घडला त्याच मैदानावर १९८६ च्या जूनमध्ये मोरे यांनी कसोटीत पदार्पण केले होते. भारताने २-० अशा फरकाने जिंकलेल्या त्या मालिकेतील तीन सामन्यांत त्यांनी १६ झेल घेतले होते. ते १६ किती जणांच्या स्मरणात आहेत?

यष्टिचीत हा गोलंदाजाचा बळी, यष्टिरक्षक निमित्तमात्र, असेही मानले जाते, आणि गुणपत्रक या समजुतीला दुजोरा देते. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध नरेंद्र हिरवाणी यांनी पदार्पणातच १३६ धावांत १६ बळी घेतले. तो सामना हिरवाणींचा म्हणूनच ओळखला जातो. त्याच सामन्यात मोरे यांनी सहा जणांना यष्टिचीत केले, त्यांपैकी पाच एकाच डावात, आणि कसोटीच्या इतिहासात असा पराक्रम तोवर कोणाही यष्टिरक्षकाने केलेला नव्हता. वेस्ट इंडीजचे फलंदाज पुढे सरसावून हुकत होते हे फिरकीचे यश खरे; पण हुकलेला चेंडू खराब खेळपट्टीवर अचूक टिपून क्षणार्धात यष्टी उडवणारे हात नसते तर त्या हुकण्याचे मोल शून्यच राहिले असते.

यष्टिरक्षकाला फलंदाजी आली पाहिजे हा आग्रह अलीकडचा आहे, पूर्वी निव्वळ हातांची पारख होत असे, असे जुन्या पिढीतले रसिक उसासा टाकून सांगतात. वस्तुस्थिती निराळी आहे. भारत आपला अवघा तिसरा कसोटी सामना खेळत असता, १९३४ साली कलकत्त्यात, यष्टिरक्षक दिलावर हुसेन यांनी पदार्पणातच ५९ आणि ५७ धावा केल्या होत्या. मोरे यांनी ४९ कसोटी सामन्यांत ११० झेल आणि २० यष्टिचीत यांखेरीज सात अर्धशतकेही काढली. मोंगिया यांना तर १९९६ साली दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध सलामीलाच धाडण्यात आले आणि त्यांनी १५२ धावा काढल्या.

राहता राहिला या चाकरीच्या स्थैर्याचा प्रश्न. फलंदाजांच्या सहा जागा असतात, यष्टिरक्षकाची एकच. त्यामुळे गुण असूनही दीर्घकाळ उमेदवारी करीत राहणे हीच या पेशाची सर्वसाधारण रीत होय. नाना जोशी १९५१ ते १९६० या अवधीत अवघे १२ कसोटी सामने खेळले, कारण त्याच जागेसाठी मुंबईचे नरेन ताम्हाणेही होते. मोरे आणि मोंगिया यांनी मिळून १९८६ पासून पंधरा वर्षे ही जागा बव्हंशी बडोद्याकडे राखली. २००१ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कसोटीनंतर मोंगिया कसोटी संघातून गेले, आणि मग पुढील चार-पाच वर्षांत समीर दिघे, दीप दासगुप्ता, अजय रात्रा, पार्थिव पटेल आणि दिनेश कार्तिक असे पाच जण कसोटीत त्या जागी येऊन गेले. पैकी दिघे यांची नेमणूक वयाच्या ३२ व्या वर्षी झाली. चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन गडी राखून मिळवलेल्या विजयात शेवटपर्यंत नाबाद राहूनही त्यांच्या वाट्याला एकंदर सहाच कसोटी सामने आले.

हातमोजे उतरवले की यष्टिरक्षकाचे काम संपते, हाही समज खरा नाही. किरण मोरे यांनी बडोद्यात अकादमी काढली, हार्दिक आणि कृणाल हे पंड्या बंधू तेथेच शिकले. आणि २००४ च्या डिसेंबरात महेंद्रसिंग धोनी नावाचा यष्टिरक्षक भारताच्या एकदिवसीय संघात प्रथम खेळला तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष मोरेच होते.