लघवीवरील ताबा आणि मूत्राशयाचे विकार

चंडीगढच्या पूर्वेस लागून असलेल्या हरियाणातील पंचकुला या शहराचे नाव पाच ‘कुलां’वरून पडले, असे सांगतात. कूल म्हणजे घग्गर नदीचे पाणी वळवून नेणारा पाट. पाटबंधाऱ्याचे जे तत्त्व, तेच स्थूलमानाने मूत्राशयाचेही होय. साठा धरणारी जागा धड हवी, दार घट्ट बसावयास हवे आणि ते योग्य वेळी उघडावयासही हवे. यांपैकी नेमके काय बिघडले आहे हे न पाहता केलेला उपचार निष्फळ ठरतो. क्वचित घातकही ठरतो.

प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे दीड लिटर मूत्र तयार होते. मूत्राशयात 150 ते 200 मिलिलिटर मूत्र साठले की पहिली जाणीव होते. 400 ते 500 मिलिलिटरपर्यंत ते सहसा धरून ठेवता येते. या काळात मूत्राशयाची भित्ती शिथिल राहते व परिसंकोची स्नायू आवळलेले असतात. विसर्जनाच्या वेळी याच्या उलट घडते.

ताबा सुटण्याचे मुख्य प्रकार तीन. खोकताना, हसताना वा ओझे उचलताना थेंब गळतात, तो पहिला; बाळंतपणानंतर कटितळाचे स्नायू सैल पडलेल्या स्त्रियांत तो विशेष आढळतो. एकाएकी अनावर घाई होऊन वाटेतच लघवी होते, तो दुसरा. यात मूत्राशय अवेळी आकुंचन पावते. तिसऱ्यात मूत्राशय पुरते रिकामेच होत नाही आणि तुडुंब भरून ओसंडते. वाढलेली अष्ठीला ग्रंथी किंवा मधुमेहाने दुबळ्या झालेल्या मज्जा ही त्याची नेहमीची कारणे होत.

निदानाचा आरंभ साधाच असतो. तीन दिवस पाणी किती प्यालो, लघवी केव्हा व किती झाली, याची नोंद ठेवावी. मूत्रतपासणीत जंतुसंसर्ग व साखर कळते. लघवीनंतर मूत्राशयात किती मूत्र उरते हे ध्वनिचित्रणाने मोजतात. लघवीतून रक्त गेल्यास, वेदना नसली तरी, खडा, क्षय वा अर्बुद यांचा शोध घेतलाच पाहिजे.

पहिल्या प्रकारात कटितळाच्या स्नायूंचा व्यायाम गुणकारी असतो. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये त्याचा पुरस्कार केला. तो निदान तीन महिने नेमाने करावा लागतो. गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. दुसऱ्या प्रकारात लघवीच्या वेळांतील अंतर हळूहळू वाढवितात व मूत्राशय शांत करणारी औषधे देतात. हीच औषधे तिसऱ्या प्रकारात दिल्यास लघवी पूर्ण तुंबू शकते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. तेथे अडथळा दूर करणे, अथवा रुग्णाने स्वतः ठराविक वेळी नळी घालून मूत्राशय रिकामे करणे, हा मार्ग असतो. ही पद्धती जॅक लॅपिडिस यांनी 1972 मध्ये रूढ केली.

पंचकुल्याच्या रुग्णाला 1962 मध्ये स्थापन झालेली चंडीगढची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था जवळच आहे. परंतु अंतरापेक्षा संकोच अधिक आड येतो. अनेक स्त्रिया प्रवास टाळतात, पाणी पिणे कमी करतात. त्याने मूत्र दाट होते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. वय झाले की असे व्हावयाचेच, ही समजूत चुकीची आहे. हा विकार आहे, आणि वेळीच सांगितल्यास बहुतेकांना त्यापासून आराम मिळू शकतो.