सवडीचे काम आणि नेमलेली वेळ

कचेरीची हजेरी, मुलांच्या शाळेची वेळ, दंतवैद्याकडची पाळी, न्यायालयाची तारीख ही कामे मुक्रर वेळेची. लेखन, अभ्यास, हिशेबांची तपासणी, घराची डागडुजी ही सवडीची. या दोहोंचा मेळ घालताना ज्या समजुती आपण निःशंकपणे बाळगतो, त्यांपैकी काही तपासून पाहण्याजोग्या आहेत.

गैरसमज : मुक्रर कामे मांडून झाली की उरलेला वेळ सवडीच्या कामास आपोआप मिळतो.

वस्तुस्थिती : जे काम न केल्याबद्दल कोणी जाब विचारीत नाही, त्याच्याच वेळेवर इतर कामांचे अतिक्रमण प्रथम होते, यास्तव त्यालाही तास नेमून द्यावा लागतो. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप हा टपाल खात्यातील अधिकारी होता आणि 1867 साली राजीनामा देईपर्यंत त्याचे सारे लेखन नोकरी सांभाळूनच झाले. पहाटे साडेपाचला तो मेजाशी बसे, आणि हा नेम चुकू नये म्हणून वेळेवर उठवून कॉफी आणून देणाऱ्या वृद्ध नोकरास सालीना पाच पौंड जादा देई. प्रथम अर्धा तास आदल्या दिवसाचे लेखन वाचून, मग घड्याळ समोर ठेवून पाव तासास अडीचशे शब्द या प्रमाणाने तो लिही. न्याहारीपूर्वीच कादंबरीचा हिस्सा वसूल झालेला असल्यामुळे उरलेल्या दिवसावर खात्याचा अंमल निर्वेधपणे चालू शके.

गैरसमज : मुदत नसली म्हणजे काम अधिक चांगले होते.

वस्तुस्थिती : उपलब्ध वेळ व्यापेपर्यंत काम फुगत जाते, हे नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1955 साली उपरोधाने मांडलेले सूत्र सर्वश्रुत आहे. डॅन अॅरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन निबंधांच्या मुदती स्वतः ठरवणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा समान अंतराच्या मुदती लादल्या गेलेल्यांना अधिक गुण मिळाले. मात्र स्वतःहून तशाच समान अंतराच्या मुदती पत्करणारे फारसे मागे राहिले नाहीत. तेव्हा मोठ्या कामास अखेरची एकच तारीख न देता, त्याचे हप्ते पाडणे श्रेयस्कर.

गैरसमज : कामास किती वेळ लागेल, हे ते करणाऱ्यालाच नेमके ठाऊक असते.

वस्तुस्थिती : ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या 1994 सालच्या संशोधनात विद्यार्थ्यांनी प्रबंधास सरासरी सुमारे 34 दिवस लागतील असे सांगितले, आणि सारेच बिनसल्यास सुमारे 49, प्रत्यक्षात 55 लागले. माणूस डोळ्यांपुढे योजलेला क्रम आणतो, पूर्वीच्या कामांचा दफ्तरी दाखला पाहत नाही, हे या चुकीचे प्रमुख कारण. म्हणून मागील तशाच कामास लागलेला काळ हाच अंदाजाचा आधार धरावा, आणि दोन मुक्रर कामांमध्ये जाण्यायेण्याचा वेळ वगळून जे उरेल, तेवढेच हिशेबात घ्यावे.

गैरसमज : नेमलेला तास एकदा मोडला की नियोजन फसले.

वस्तुस्थिती : पाहुणा, आजारपण, वरिष्ठांचे अकस्मात बोलावणे यांनी तास मोडणारच, सवडीच्या कामाची सवलत हीच की ते हलवता येते. परंतु खटला तहकूब करताना न्यायालय जशी पुढील तारीख नेमते, तशी त्याच आठवड्यातील दुसरी वेळ तत्क्षणी दैनंदिनीत नोंदवली, तरच ती सवलत ठरते. एरवी ती केवळ टाळाटाळ.