ॲप बनवायच्या आधी ही गोष्ट वाचा

"सर, ॲप बनवायचंय, किती खर्च येईल?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. मी उलट विचारतो, काम नक्की अडतंय कुठे? तिथे समोरचा गप्प होतो.

म्हणून आज कॉम्प्युटर सायन्सच्या एका विद्यार्थ्याबद्दल सांगतो. साल १९९१, फिनलंडमधलं हेलसिंकी विद्यापीठ. लिनस टोरवाल्ड्स, वय २१. जानेवारीत त्याने ३८६ प्रोसेसरचा कॉम्प्युटर घेतला, तोही हप्त्यांवर. त्यावर मिनिक्स ही विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी केलेली ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. पण घरून फोनलाइनवरून विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला जोडायची त्यातली सोय त्याला पटेना. मग त्याने तेवढ्यापुरता एक प्रोग्रॅम स्वतः लिहिला. फाइल उतरवून ठेवायची गरज पडली, म्हणून डिस्क चालवणारा भाग लिहिला. मग फाइल सिस्टिम. एकेक अडलेलं काम सोडवता सोडवता ऑपरेटिंग सिस्टिमच उभी राहिली. तीच लिनक्स. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तिचाच गाभा आहे.

पण मला जास्त आवडतं ते पुढचं. २५ ऑगस्टला, सॉफ्टवेअर लोकांच्या हातात द्यायच्या आधीच, त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना विचारलं की तुम्हाला यात काय आवडतं, काय खटकतं? सूचना करा, पण सगळ्या करीनच असं नाही, हेही सांगून टाकलं. आपण काय करतो? गिऱ्हाइकाने काहीही मागितलं की "होईल ना साहेब!" सप्टेंबरमध्ये पहिली ०.०१ आवृत्ती आली, साधारण १०,००० ओळींची. अपुरी होती, आणि त्याने ते लपवलंही नाही.

मग जर्मनीतल्या एकाची अडचण आली. त्याच्याकडे फक्त २ एमबी मेमरी, तेवढ्यात त्याचं काम होईना. लिनसला स्वतःला त्या सोयीची गरज नव्हती. तरी वर्ष संपता संपता त्याने मेमरी कमी पडली की डिस्क वापरायची सोय लिहून दिली. मिनिक्समध्ये ती नव्हती. मला वाटतं, ही मागणी हौसेची नव्हती, माणसाचं काम थांबलं होतं, म्हणून तो 'हो' म्हणाला असेल.

मी दुकानासाठी बिलिंग सॉफ्टवेअर करून घेतलं तेव्हा नेमकं उलटं केलं. हेही टाका, तेही टाका. ४५ हजार गेले. आज रोज उघडतो ते एकच पान, उधारीचं. बाकी मेन्यूंची नावंसुद्धा आठवत नाहीत.

तेव्हा डेव्हलपरला फोन करण्याआधी आठ दिवस गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. काम अडलं की लिहायचं: काय अडलं, किती मिनिटं गेली. कामाला माणूस असेल तर त्यालाही लिहायला लावा, कारण मालकाला अर्ध्या अडचणी दिसतच नाहीत. आठव्या दिवशी जी अडचण सगळ्यात जास्त वेळा आली असेल, फक्त तिचंच कोटेशन मागवा.