लखनऊ मेट्रोचा चढता सूर

लखनऊला चारबागहून मेट्रोत बसलात, तर गाडी सुटताना खालून येणारा चढता सूर नक्की ऐका. मला तो फार आवडतो! वरच्या तारेत 25 केव्ही, 50 हर्ट्झ. पण इन्व्हर्टर मोटरला शून्याजवळून हळूहळू वाढणारी वारंवारता देतो, म्हणून सूर चढत जातो आणि धक्का बसत नाही. ब्रेक लावला की तीच मोटर वीज परत तारेत ढकलते.

याउलट, असा इन्व्हर्टर न लावता पिठाच्या गिरणीची मोटर थेट लाइनवर सुरू केली की क्षणभर सहा-सातपट करंट ओढते, दिवे मंदावतात. तरी एकाच वेगाच्या गिरणीला सुरुवातीचा करंट कमी करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर पुरे. मोठ्या पंख्यांना मात्र ड्राइव्ह, म्हणजे असाच इन्व्हर्टर, लावाच: वेग 80 टक्के केला, तर वीज जवळपास निम्मीच लागते.