नेवाशाची पोथी, पैठणचा संपादक

प्रवरेकाठी नेवाशात, ‘पैस’ खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका, म्हणजे ज्ञानेश्वरी, सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा. साल शके १२१२ (इ.स. १२९०). पुढच्या तीनशे वर्षांत नकलांवर नकला झाल्या. कुठे शब्द चुकला, कुठे कुणी पदरची ओवी घातली. अर्थ लागेना. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६मध्ये (१५८४) पाठ शुद्ध केला. यात ओवी घुसडणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे, अशी तंबीही शेवटी दिली. अठरा हजारांवर ओव्यांचे भागवत रचणाऱ्या कवीने इथे हात आखडता घेतला, हे विशेष! इतिहाससंशोधक राजवाड्यांना मात्र नाथांपूर्वीचा पाठ हवा होता. त्यांनी जुन्या पोथीवरून १९०९मध्ये वेगळी ज्ञानेश्वरी छापली.